पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद करायला नकार का दिला होता?

साल 1893. पुण्यातलं शारदा सदन. सकाळच्या वेळी संस्था चालवणाऱ्या बाई आपल्या खोलीत बायबल वाचत बसल्या आहेत. शेजारी त्यांची बारा वर्षांची मुलगी मनोरमा. वाचून झालं की मायलेकी प्रार्थना करणार आणि मग दिवसाची कामं सुरू होणार.

यात वाद व्हावा असं काय आहे?

वाद झाला तो खोलीच्या दारावरून. ते उघडं असायचं.

सदनात शिकणाऱ्या बहुतेक मुली उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, त्यातही कितीतरी बालविधवा. बाईंच्या खोलीत त्यांना कधीही जायची मुभा होती. त्यातल्या काही जणी सकाळी प्रार्थनेच्या वेळीही येऊन बसायला लागल्या. ही गोष्ट बाहेर गेली आणि पुणं पेटलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या मंडळींनी संस्थेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. पालकांनी सुमारे 25 मुलींना घरी नेलं. 'केसरी'नं तर आधीपासूनच टीकेची झोड उठवली होती.

बाईंपुढे मार्ग सोपा होता. रोज अर्धा तास दार लोटून घ्यायचं. मुली बाहेर, प्रार्थना आत, संस्था सुरक्षित.

त्यांनी दार लोटलं नाही.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. (सोशल मीडियावर यांच्या जयंतीला रमाबाई रानडे किंवा रमाबाई आंबेडकर यांचा फोटो टाकणारे दरवर्षी सापडतात. तिघी वेगळ्या. गंमत म्हणजे यातल्या एका रमाबाईंचे पती म्हणजे वर उल्लेख आलेले न्यायमूर्ती रानडे.)

रमाबाईंबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचतो. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, मुक्ती मिशन. पण त्यांचा दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा आणि त्या सवयीची किंमत त्यांनी वेळोवेळी मोजली, हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. तो गाळला की 1893 चा हट्ट कळत नाही आणि पुढचं केडगावही कळत नाही.

देवाचं नाव घेत वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा गुन्हाच मानला जायचा. पुढे आईनं लेकीला शिकवलं.

रमा लहान असतानाच कुटुंबाची भटकंती सुरू झाली. तीर्थक्षेत्री जायचं, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, ऐकणारे जे देतील त्यावर पुढचा मुक्काम गाठायचा. पहाटेचं स्नान, पूजा, उपास, व्रतं, पठण. यात खंड नाही. रमाला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते. म्हणजे रोजची उपासना ही रमाबाईंना ख्रिस्ती धर्मानं दिलेली गोष्ट नव्हती, तिचं वळण त्यांना लहानपणापासूनच होतं.

मग 1870 च्या दशकातला मद्रास इलाख्याचा दुष्काळ आला. जवळचे पैसे संपले, धान्य संपलं. हे लोक पोटाला काही नसताना देवदर्शनं करत राहिले, जप करत राहिले. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि नंतर मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हजारो मैल फिरले, काश्मीरपर्यंत गेले. या वाटेत कुठेतरी दोघांचाही जुन्या देवांवरचा विश्वास उडाला. इतकी वर्षं न चुकता केलेल्या पूजेला उत्तर म्हणून फक्त उपासमार मिळाली, असं त्यांना वाटलं. पुढे रमाबाई ज्या तीव्रतेनं प्रार्थनेला धरून राहिल्या, त्यामागे हा अनुभव असावा असं मला वाटतं. न ऐकणाऱ्या देवापुढे रोज हात जोडून त्यांचं झालं होतं. आता त्यांना हवा होता तो उत्तर देणारा देव.

1878 मध्ये भावंडं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिथल्या. पुढचं फार भराभर घडलं. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वेगळा प्रांत, वेगळी जात, म्हणून बोंब झाली. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा होत्या, पदरात तान्ही मुलगी होती आणि जवळचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं.

सासरी, आसामातल्या सिलचरला, नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलमधल्या गोष्टी समजून घेतल्या होत्या. नवऱ्याला ते रुचलं नव्हतं. विषय तिथेच राहिला.

बाप्तिस्मा झाला, पण काहीतरी राहून गेलं

1882 मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्री धर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी जोगिणींच्या मठात उतरल्या. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होणं जमलं नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हाहाकार.

मठात घड्याळाच्या काट्यावर उपासना चालायची. रमाबाई त्यात होत्या, पण मान तुकवून नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार आहे. त्यांना रमाबाई लाडानं आजीबाई म्हणायच्या आणि त्याच पत्रांत त्यांच्याशी कडाकडा भांडायच्या. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, चर्चच्या अधिकाऱ्यांचं प्रत्येक म्हणणं मान्य नाही, शाकाहार सोडणार नाही. जोगिणींना ही बाई हट्टी वाटायची. ती होतीच.

मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये दोन वर्षं. 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फिया. अमेरिकेत त्यांनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावानं संस्था उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं आर्थिक मदतीचं वचन दिलं. या पैशांवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हललं. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी.

वचन असं होतं की इथे धर्म शिकवला जाणार नाही. हिंदू मुलींना त्यांचे आचार पाळता येतील. हिंदू पुढारी सल्लागार मंडळावर आले ते या भरवशावर.

याच काळात रमाबाईंच्या आत काहीतरी बदललं. 1891 च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन वाचलं. हॅसलम धर्मोपदेशक म्हणून काम करत असताना, मधेच केव्हातरी, त्याला खरी श्रद्धा सापडली होती. रमाबाईंनी ते स्वतःशी ताडून पाहिलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला, पण ख्रिस्त भेटलाच नाही, असं त्यांना जाणवलं. आठ वर्षं बायबल अभ्यासलं होतं ते एका पंडितेच्या पद्धतीनं, वाद घालत, मुद्दे तपासत. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी हा फरक स्वतःच मांडला आहे.

इथून त्यांच्यासाठी रोजची प्रार्थना म्हणजे दिवसातलं पहिलं काम झालं. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी बोलणं, इतकं साधं.

आणि लगेच 1893 आलं.

दोन्ही बाजूंना मुद्दा होता

आजच्या वाचकाला टीका करणारे सगळे सनातनी वाटू शकतात. तसं नव्हतं. रानडे आणि भांडारकर हे दोघे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. मूर्तीशिवाय, कर्मकांडाशिवाय प्रार्थना करावी हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. प्रार्थनेला त्यांचा विरोध असण्याचं कारणच नव्हतं. त्यांचा प्रश्न विश्वासाचा होता. आमच्या शब्दावर लोकांनी विधवा मुली इथे पाठवल्या, या मुली तुमच्यावर अवलंबून आहेत, तुमच्या एका शब्दानं त्यांचं आयुष्य बदलतं, अशा वेळी तुमच्या खोलीत त्यांनी येऊन बसणं ही निव्वळ त्यांची मर्जी कशी मानायची?

प्रश्न रास्त आहे. शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यात मर्जी हा शब्द सरळ नसतो.

रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला बोलावलं नाही, वर्गात बायबल शिकवलं नाही, कुणाचं सोवळंओवळं मोडलं नाही. हिंदू मुलींनी आपली पूजा करावी, मी अडवत नाही. मग माझ्याच घरात माझ्याच देवाशी बोलताना मी चोरासारखं दार का लावायचं? या मुलींना घरी कधी कोणती खोली मोकळी नव्हती. सण, मंगलकार्य, स्वयंपाकघर, सगळीकडे त्यांना दाराबाहेर उभं केलं जायचं. आपल्या खोलीचं दार त्यांच्यासाठी उघडं राहील हा सदनाचा पायाच होता. त्यातला प्रार्थनेचा वेळ वगळायला रमाबाई तयार नव्हत्या.

मला स्वतःला वाटतं की 1893 मध्ये रमाबाईंची बाजू जड होती, पण रानड्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो पुढे केडगावात पुन्हा समोर येतो, जास्त टोकदार होऊन.

बोस्टनची संस्था रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. सदन चाललं. 1895 मध्ये सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपलं खरं झाल्यासारखं वाटलं. पुण्यातल्या सुधारकांशी जे नातं तुटलं ते पुन्हा पूर्वीसारखं जुळलं नाही.

पंधराचा वर्ग किती?

दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, या पंधराजणींबद्दल देवाचे आभार मानले आणि प्रार्थनेत एक विचित्र मागणी केली. या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे 225.

हे मागताना आपलं आपल्यालाच कसं अशक्य वाटत होतं हेही त्यांनी लिहून ठेवलंय. सदनात तेव्हा इतक्या मुली मावणारही नव्हत्या. पण मागितलं.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. लहानपणी उपासमारीत आईबाप गमावलेल्या बाईला घरी बसवलं नाही. त्या तिकडे गेल्या आणि छावण्यांतून, रस्त्यांवरून मुली आणि बायका गोळा करून आणू लागल्या. संख्या 300 च्या आसपास गेली. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि इतक्या माणसांना शहरात ठेवायला बंदी झाली. मग रमाबाईंनी त्यांना हलवलं पुण्यापासून साधारण 55 किलोमीटरवरच्या केडगावला. तिथे त्यांनी संस्थेच्या उत्पन्नासाठी फळबाग करायची म्हणून जमीन घेऊन ठेवली होती. फळबागेच्या जागेवर आधी तात्पुरते निवारे आणि मग इमारती उभ्या राहिल्या. हे मुक्ती सदन.

श्रद्धाळू वाचक याला प्रार्थनेचं उत्तर म्हणतील. दुसरा म्हणेल, दुष्काळ पडला आणि एक धाडसी बाई निघाली, एवढंच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पहाटे 225 मागणारी बाई दुष्काळाची बातमी आली तेव्हा जागा नाही असं म्हणू शकली नाही. मागणी करून ती आधीच अडकली होती.

1899-1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा माणसं दोन हजारांच्या घरात गेली. आता पैशांचं काय? बोस्टनचं दहा वर्षांचं वचन 1898 मध्ये संपलं होतं. अमेरिकेतल्या स्नेह्यांनी पुन्हा मदत उभी केली, तरी दोन हजार तोंडांच्या मानानं काहीच पक्कं नव्हतं. रमाबाईंनी जॉर्ज म्युलर यांचं चरित्र वाचलं होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांनी कुणाकडे पैसे न मागता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. रमाबाईंनी तीच वाट धरली. मुक्तीच्या इंग्रजी वार्तापत्राचं नावसुद्धा 'मुक्ती प्रेयर बेल', म्हणजे मुक्तीची प्रार्थनेची घंटा.

पण घंटा वाजवून सगळे नुसते डोळे मिटून बसले, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. तिथे शाळा होती, हातमाग होते, तेलघाणी होती, गोठा होता, शेती होती, छापखाना होता. अत्याचारातून आलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. प्रार्थना उरकून कामाला लागायचं आणि कामातून पुन्हा प्रार्थनेकडे यायचं, हा तिथला दिवस होता.

70 जणींचे 550 झाले

1904 मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुक्तीतल्या बायकांना विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? 70 जणी तयार झाल्या. सक्ती नव्हती. जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 वर गेली.

जूनच्या अखेरीला जे घडलं ते जगभरच्या ख्रिस्ती इतिहासाच्या पुस्तकांत आहे. रात्री झोपेत असलेली एक मुलगी अचानक उठून मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागली. दुसरीला तिच्याभोवती आग दिसली म्हणून ती पाणी आणायला धावली, आणि परत येऊन पाहते तर आग नव्हती. या हकिकती मुक्तीतल्याच लोकांनी नोंदवलेल्या आहेत, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पुढचे महिने शेकडो मुली एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करत राहिल्या. कुणी रडायच्या, कुणी थरथरायच्या. काही जणी अनोळखी भाषांत बोलल्याच्याही नोंदी आहेत. पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास सांगताना लॉस एंजेलिसच्या 1906 च्या अझुसा स्ट्रीटच्या सभांचं नाव हमखास येतं. केडगाव त्याच्या एक वर्ष आधीचं आहे.

यावर अनेक गोऱ्या मिशनऱ्यांनी नाकं मुरडली. हा गोंगाट आहे, उन्माद आहे, प्रार्थना अशी नसते. म्हणजे बारा वर्षांपूर्वी हिंदू पुढारी म्हणाले होते दार लावा, आता ख्रिस्ती लोक म्हणत होते आवाज कमी करा. रमाबाईंनी दुसऱ्यांदाही ऐकलं नाही. आमच्या मुलींना त्यांच्या पद्धतीनं देवाशी बोलू द्या, पाश्चात्त्य चर्चचं वळण त्यांना लावायचा अट्टाहास नको, अशी त्यांची भूमिका. वाँटेजच्या जोगिणींशी वाद घालणारी तरुण पंडिता पन्नाशीकडे झुकतानाही तशीच होती. आणि त्या गदारोळाच्या मधोमध बसलेल्या बाईला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं, हा तपशील माझ्या डोक्यातून जात नाही.

पण रानड्यांचा प्रश्न? तो इथे उभा राहतोच. पुण्यात उघड्या दारातून आत यायचं की नाही हे मुली ठरवू शकत होत्या, बाहेर त्यांची माणसं होती. दुष्काळात आईबाप गेलेली आठ वर्षांची पोर केडगावात आली तेव्हा तिच्यासाठी बाहेर काही नव्हतं. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, कुणाला फसवलं जात नव्हतं. तरी जिथे जेवण, छप्पर आणि माया एकाच ठिकाणी मिळते, तिथली प्रार्थना पूर्णपणे आपखुशीची होती असं ठामपणे म्हणता येत नाही. रमाबाईंचं मोठेपण मान्य करूनही हे लिहायला हवं.

शेवटची पंधरा-सतरा वर्षं

त्याच सुमारास रमाबाईंनी एक काम हाती घेतलं आणि त्यांच्या आयुष्याचा उरलेला सगळा वेळ त्यात गेला. बायबलचं मराठी भाषांतर आधी झालेलं होतं, पण त्याची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटायची. केडगावातल्या शेतकरी घरातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला सकाळी उठून एकटीला वाचता येईल असं बायबल त्यांना हवं होतं. स्वतःच्या विद्वत्तेसाठी नावाजलेल्या बाईनं संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढायचे, हे काही साधं नाही.

त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषेतून सोप्या मराठीत एकेक पान उतरवायचं, तपासायचं आणि छापखान्यात पाठवायचं. खिळे जुळवायच्या मुक्तीतल्याच बायका. त्यातल्या कितीजणी केडगावात आल्या तेव्हा निरक्षर होत्या.

1919 मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, अवघ्या चाळीस वर्षांच्या. संस्था पुढे सांभाळणारी, 1893 मध्ये त्या खोलीत आईशेजारी बसणारी तीच ती मुलगी. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या आणि त्यांची तब्येतही ढासळली होती. त्यांनी काम थांबवलं नाही. मुद्रितं येत होती, त्या तपासत होत्या.

हे काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावात रमाबाईंचं निधन झालं. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.